फसफसणाऱ्या जपानी कडक गोळ्या: चाखायच्या कशा, गुण द्यायचे कसे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फसफसणारी कडक गोळी नेमकी कोणती म्हणायची?

साखर आणि मिझुआमे, म्हणजे स्टार्चपासून केलेला घट्ट गोड पाक, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आटवून केलेली काचेसारखी गोळी, आणि तिच्यात खाण्याचा सोडा व एखादं कोरडं आम्ल. आम्ल बहुतेकदा सायट्रिक असतं, कधी मॅलिक किंवा टार्टारिक. कोरडे असेपर्यंत दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. लाळ लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जीभ चुरचुरते.

असाही कंपनीची मित्सुया सायडर कँडी हे या जातीचं सहज मिळणारं उदाहरण. मात्र पाकिटावर सोडा किंवा रामुने (गोटीच्या बाटलीतला जपानी सोडा) लिहिलेली प्रत्येक गोष्ट या यादीत बसत नाही. १९७३ पासून मिळणारी मोरिनागाची रामुने ही दाबून केलेली वडी आहे. तिच्यात ९० टक्के ग्लुकोज असतं आणि ती तोंडात विरघळून जाते, चघळावी लागत नाही. युहा मिकाकुतोची शिगेकिक्स ही चिवट गमी, तर पुच्चो चावून खायची मऊ कँडी. तिन्ही चांगल्या आहेत, पण कडक गोळ्यांच्या तक्त्यात त्यांना बसवलंत तर कवचाचे आणि वेळेचे गुण द्यायचे कशाला?

तोंडात तडतडणारी गोळीही यातच धरायची का?

नाही. तिचा वेगळा तक्ता करा. तडतडणाऱ्या गोळीत सोडा-आम्लाचा खेळ नसतो. वितळलेल्या पाकात सुमारे ४० पट वातावरणदाबाने कार्बन डायऑक्साइड कोंडतात आणि तसाच थंड करतात. गोळी विरघळताना ते बारीक कप्पे फुटतात, त्याचा तो आवाज. अमेरिकेतल्या जनरल फूड्स कंपनीच्या रसायनज्ञांना या कृतीचं पेटंट १९६१ मध्ये मिळालं. फसफशीत फेस येतो, तडतडीत ठिणगीसारखे वेगवेगळे टोचे बसतात. काही गोळ्यांत दोन्ही असतात. त्यांना दोन्ही तक्त्यांत स्वतंत्र गुण द्या.

जपानी वाचता येत नाही. पाकीट बघून कसं ओळखायचं?

फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा घटकांच्या यादीवर धरा. जपानमध्ये आधी खाद्यपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात, मग एक तिरकी रेघ आणि तिच्यानंतर मिश्रकं. रेघेनंतर आम्ल (सानमिर्यो) आणि सोडा (जूसो) दोन्ही दिसले तर गोळी फसफसण्याची शक्यता भरपूर. नुसतं आम्ल असेल तर ती फक्त आंबट. समोरच्या बाजूला ‘शुवाशुवा’ असेल तर फेसाळ फसफस, ‘पाचीपाची’ असेल तर तडतड. ‘क्यो-तानसान’ म्हणजे जोरदार सोडा, पण हा शब्द जाहिरातीचा आहे, मोजमापाचा नव्हे.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने छापतात. २६.०५.१० म्हणजे १० मे २०२६. आपल्या सवयीने उलट वाचून चांगलं पाकीट फेकून दिलं जातं.

आंबट आणि फसफस यांत गल्लत होते. फरक कसा करायचा?

गुण चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. आंबट गोळी जबड्याच्या सांध्याजवळ, गालांच्या आत ओढ आणते, डोळे मिचकावायला लावते आणि पातळ लाळ सोडते. फसफस मात्र गोळी जिथे टेकली आहे तिथेच चुरचुरते, लाळेला फेस आणते आणि गोळी हलवली की तिच्याबरोबर जागा बदलते. शंका आली तर दोन चाचण्या करा.

पहिली कानाची. पंखा बंद करा, ओठ मिटून गोळी टाळूला टेकवा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. फसफस असेल तर बारीक सरसर स्पष्ट ऐकू येते, आंबटपणाला आवाज नसतो.

दुसरी पाण्याची. गोळी फोडून तिचा आतला तुकडा चमचाभर पाण्यात टाका. बुडबुडे तुकड्याच्या पृष्ठभागावरून सलग सुटत राहिले पाहिजेत. सुरुवातीला दोन-चार मोठे बुडबुडे येऊन थांबले तर ती पाकात अडकलेली हवा. नोबेल कंपनीच्या सुपर लेमनसारख्या गोळीवर आंबट पुडीचा थर असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो इतका झोंबतो की नवखा माणूस तिथेच फसफशीचे पैकीच्या पैकी गुण देऊन बसतो. थर उतरेपर्यंत फसफशीच्या रकान्यात काहीही लिहू नका.

गंमत अशी की सोड्याची चुरचुर बुडबुडे फुटण्याने फारशी येत नाही. लाळेतलं आणि जिभेच्या पेशींवरचं कार्बोनिक ॲनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करतं आणि तेच टोचतं. लेह-लडाखला जाताना उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड घेणाऱ्यांना सोडा बेचव लागतो तो यामुळेच. ते औषध नेमकं हे विकर अडवतं. औषध चालू असेल तर त्या दिवसांत परीक्षक म्हणून बसू नका.

बसण्यापूर्वी काय तयारी करावी?

दात घासून किमान एक तास झालेला हवा, कारण टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे गोड दबतं आणि कडू वर येतं. तिखट जेवण, कॉफी, पान-सुपारी यांनंतर दोन तास थांबा.

एका बैठकीत सहा गोळ्या पुरे. सातवीपासून जीभ सोलवटल्यासारखी होते आणि आंबटाचे गुण आपोआप खाली येतात. दोन गोळ्यांमध्ये पाच मिनिटं, आंबट थराच्या गोळीनंतर दहा. मधे कोमट पाणी आणि चार-पाच साधे कुरमुरे. दूध नको; त्याची साय जिभेवर बसते आणि पुढची गोळी मिळमिळीत लागते.

क्रम सौम्यापासून झणझणीताकडे: सायडर, रामुने, मेलन सोडा, द्राक्ष, कोला, लिंबू, उमे (आंबट जपानी फळ). गोळ्या खोलीच्या तापमानाला असू द्या. फ्रिजमधून काढलेल्या गोळीवर दव धरतं आणि बाहेरची सोडा-आम्लाची पूड तोंडात जाण्याआधीच फसफसून मोकळी होते.

वेष्टनं दुसऱ्याने काढावीत आणि गोळ्या क्रमांक घातलेल्या वाट्यांत ठेवाव्यात. सहापैकी एक गोळी दोनदा ठेवायची आणि एक साधी लिमलेटची गोळी मिसळायची. दोनदा आलेल्या गोळीला तुमच्याकडून फार वेगळे गुण गेले किंवा लिमलेटमध्ये फसफस ‘जाणवली’, तर त्या दिवसाचा कागद बाजूला ठेवा. हिरवी गोळी दिसली की मेलन लागतं आणि तपकिरी दिसली की कोला. म्हणून चाखताना डोळे मिटलेलेच बरे.

एक गोळी चाखायची पद्धत काय?

बाजारातल्या बहुतेक गोळ्या ४ ते ५ ग्रॅमच्या असतात आणि न चावता चघळल्या तर साधारण ५ ते ८ मिनिटं टिकतात. घड्याळ सुरू करून गोळी जिभेच्या मध्यावर ठेवा. १५ सेकंद, ३० सेकंद आणि नंतर दर मिनिटाला फसफशीला ० ते ५ पैकी आकडा लिहा. दर अर्ध्या मिनिटाने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवा. एकाच जागी राहिली तर तिथली जीभ बधिर होते आणि फसफस कमी झाल्याचा भास होतो.

आकडे कागदावर जोडले की रेघ दिसते आणि गोळीची बांधणी कळते. सुरुवातीला उंच आणि मग सपाट म्हणजे पूड बाहेरून लावलेली. तीन-चार मिनिटं काहीच नाही आणि एकदम उसळी म्हणजे पूड पोटात भरलेली. सबंध वेळ मध्यम म्हणजे पाकातच मळलेली. आमच्या मते पोटात पूड भरलेल्या गोळ्या सर्वांत मजेदार, पण त्यांनाच सर्वांत जास्त अन्यायही होतो. अधीर माणूस दुसऱ्याच मिनिटाला चावतो, मग सगळी पूड एकदम सुटते, आम्ल जिभेवर आदळतं आणि शेवटी ‘फार आंबट’ असा शेरा पडतो.

पहिली गोळी चघळून, दुसरी तिसऱ्या मिनिटाला चावून, तिसरी पुन्हा चघळून, अशा तीन झाल्याशिवाय गुण पक्के करू नका. पूड भरलेली पाकाची लांब वळी ओढून तिच्या गोळ्या पाडतात, त्यामुळे एकाच पाकिटात एखादी भरगच्च आणि एखादी अर्धी पोकळ निघते.

गुण कशाला किती?

आम्ही शंभरपैकी देतो. फसफशीला ४०: जोराला १५, वेळेला १५, बुडबुड्यांच्या पोताला १०. स्वादाला २५. गोड-आंबट तोलाला १५. कवचाला १०. गोळी संपल्यावर मागे राहणाऱ्या चवीला १०.

वेळेला जोराइतकेच गुण पाहून पुष्कळ जण चमकतात. पण जोर वाढवणं सोपं आहे, पूड जास्त घातली की झालं. अवघड आहे ती फसफस स्वादाबरोबर आणणं. कोल्याची गोळी चार मिनिटं नुसती साखर लागली आणि स्वाद विरल्यावर फेस आला, तर तो फेस कशाचा हेच कळत नाही. अशा गोळीला जोराचे १३ मिळाले तरी वेळेचे ५ वर जाऊ देऊ नका.

पोत म्हणजे फेस बारीक आहे की भरड. चांगली गोळी दुधाच्या फेसासारखी पसरते, ढिसाळ गोळीत पुडीचे खडे जिभेला लागतात. कवचाचे गुण कापायचे ते धारेसाठी. आत हवेचे मोठे फुगे असलेली गोळी झिजली की तिला ब्लेडसारखी कड येते आणि टाळू कापते.

मागच्या चवीत साबणाची छटा किंवा खारटपणा आला तर सोडा आम्लापेक्षा जास्त पडला आहे असं समजा. सायट्रिक आम्लाने १ ग्रॅम सोडा पुरता मारायला सुमारे ०.७६ ग्रॅम कोरडं आम्ल लागतं. उत्पादक त्याहून बरंच जास्त आम्ल घालतात, म्हणजे शेवट आंबटगोड राहतो.

माझे ‘५ पैकी ४’ आणि मित्राचे ‘५ पैकी ४’ सारखेच कशावरून?

त्यासाठी घरीच मोजपट्टीची पूड करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. तीन कोरड्या बाटल्यांत प्रत्येकी १० ग्रॅम साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर घ्या. पहिलीत ०.३ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि १.२ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), दुसरीत ०.६ आणि १.५, तिसरीत १.२ आणि १.९. लिंबूसत्त्व आधी खलात अगदी बारीक करा. खडे राहिले तर फसफस टप्प्याटप्प्याने येते. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात स्टार्च असतो.

प्रत्येक पुडीचा १ ग्रॅम जिभेवर ठेवला की अनुक्रमे ८, १५ आणि २८ मिलिलिटरच्या आसपास वायू सुटतो. पहिली म्हणजे १, दुसरी ३ आणि तिसरी ५ असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आम्लाचं प्रमाण असं विचित्र दिसतं कारण सोडा मारून उरणारं आम्ल तिन्हींत जवळपास सारखं राहायला हवं. नाहीतर माणसं फसफशीऐवजी आंबटपणाच मोजतात. पूड जिभेवर पसरताना तोंड गार पडतं, कारण ग्लुकोज विरघळताना आणि सोडा-आम्लाची क्रिया होताना दोन्ही वेळा उष्णता शोषली जाते. त्या गारव्याला गुण देऊ नका.

गोळीतला वायू खरोखर मोजता येतो का?

येतो, पण पाण्याखाली उलटी नळी धरून नव्हे. खोलीच्या तापमानाला पाणी आपल्या आकारमानाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकतं. गोळीतून सुटतो जेमतेम २०-३० मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी पाण्यात तो सगळाच गडप होऊ शकतो आणि ‘या गोळीत काही नाही’ असा निकाल निघतो.

वजन घटण्याची पद्धत बरी. अरुंद तोंडाच्या छोट्या बाटलीत १० मिलिलिटर कोमट पाणी घ्या, शेजारी कुटलेली गोळी कागदावर ठेवा आणि दोन्हींचं मिळून वजन करा. गोळी आत टाका आणि पूर्ण विरघळेपर्यंत अधूनमधून हलवा. दहा मिनिटांनी कागदासकट पुन्हा वजन करा. ०.१ ग्रॅम सोड्यामागे सुमारे ०.०५ ग्रॅम घट येते. नुसत्या पाण्याची दुसरी बाटली शेजारी ठेवून वाफेने किती गेलं ते वजा करायचं. घट इतकी लहान असते की एका गोळीवर विसंबू नये. चार गोळ्या एकत्र टाका आणि उत्तराला चारने भागा. गुण देताना हा आकडा आधी पाहू नका.

‘सायडर’ म्हणजे सफरचंदाची चव का? आणि रामुने?

जपानमध्ये सायडर म्हणजे रंगहीन गोड सोडा. लिंबूवर्गीय सुगंध, थोडी फुलांची छटा, दारू नाही, सफरचंदही नाही. मित्सुया सायडरचं मूळ ह्योगो प्रांतातल्या कावानिशी शहरातल्या हिरानो इथल्या खनिज पाण्यात आहे. १८८४ पासून ते पाणी बाटलीत विकलं जाऊ लागलं. तेव्हा सफरचंद लागलं नाही म्हणून स्वादाचे गुण कापू नका.

रामुनेची चव लिंबू सोड्याच्या जवळची, पण व्हॅनिलाकडे झुकणारी. ती ज्या बाटलीतून विकली जाते ती आपल्याकडच्या गोटी सोड्याचीच: हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली, गळ्यात काचेची गोटी असलेली. आपला गोटी सोडा मात्र बहुधा खारट-लिंबाचा, त्यामुळे बाटलीची ओळख पटली तरी चवीची अपेक्षा तशी ठेवू नये. मेलन सोडा म्हणजे कॅफेतल्या हिरव्यागार पेयाची चव. खऱ्या खरबुजाशी तिचं नातं लांबचं, आणि बरेचदा पाकिटावरच ‘फळाचा रस नाही’ असं लिहिलेलं असतं.

दोन परीक्षकांचे गुण खूपच वेगळे आले तर?

परीक्षक तीन किंवा अधिक असतील तर सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. फसफशीच्या एखाद्या रकान्यात पाचपैकी दोनहून जास्त फरक पडला, तर दोघांनी मोजपट्टीची दुसरी पूड पुन्हा चाखून तीच गोळी नव्याने घ्यावी. ज्याचं तोंड कोरडं पडतं त्याला फसफस उशिरा आणि कमी जाणवते. चाखण्याआधी दोन घोट पाणी प्यायलं की हा फरक बराच मिटतो. तरीही उरला तर तो माणसामाणसांतला खरा फरक, दोन्ही आकडे नोंदवा.

टोकियोहून नातेवाइकांनी आणलेलं पाकीट मुंबईत फसफसलंच नाही. खराब निघालं का?

बहुधा सादळलं. कडक गोळीत पाण्याचा अंश एक ते तीन टक्केच असतो आणि हवेतली ओल ती हावरटासारखी ओढून घेते. गोळी चिकट झाली की सोडा आणि आम्ल पाकिटातच एकमेकांना भेटतात आणि वायू उडून जातो. वेष्टन गोळीला चिकटलंय का, पाकीट किंचित फुगलंय का, बाहेरच्या पुडीचे गोळे झालेत का ते पाहा. यांतलं काही दिसलं तर गुण देऊच नका, ‘नमुना बाद’ असं लिहा.

जुलैत कोकणात किंवा मुंबईत पाकीट फोडल्यावर रबरी झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका ऊबदार होईपर्यंत, साधारण एक तास, झाकण उघडायचं नाही. सादळलेली गोळी ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा फसफसत नाही. सुटलेला वायू कुठून परत येणार?

शाकाहारी माणसाने काय बघावं?

निव्वळ कडक गोळीत जिलेटिन सहसा नसतं. ते मऊ कँडीत आणि गमीत असतं. चकाकीसाठी शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव, आणि काही स्वादांत दुधाचे घटक येऊ शकतात. कॅमेऱ्याने ‘झेराचिन’ आणि ‘कोताकुझाई’ हे शब्द शोधा. पहिला जिलेटिनचा, दुसरा चकाकी आणणाऱ्या घटकाचा.

दात, पोट, लहान मुलं?

चघळायची गोळी म्हणजे पाच-सात मिनिटं साखर आणि आम्ल दातांवर, म्हणून बैठक संपल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश मात्र अर्ध्या तासाने, कारण आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच लगेच घासलं की झिजतं. गॅस होईल ही भीती सोडा: ३५० मिलिलिटरच्या थंड पेयात लिटरभराहून जास्त कार्बन डायऑक्साइड असतो, गोळीत त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढाही नाही. मधुमेह असणाऱ्यांनी सहा गोळ्या म्हणजे २५-३० ग्रॅम साखर हे धरून चालावं. फेनिलकीटोन्यूरिया असेल तर यादीत ॲस्पार्टेम आहे का ते पाहा. पाच वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊच नये, घशात अडकते.

एकदा दिलेले गुण कायमचे का?

नाही. जपानी कंपन्या ऋतूप्रमाणे स्वाद बदलतात आणि गाजावाजा न करता कृतीही बदलतात. नाव तेच, पाकिटाचं चित्र थोडं वेगळं आणि यादीत आम्ल एक जागा वर सरकलेलं, असं हमखास दिसतं. गुणांशेजारी पाकिटावरची तारीख, पाकीट फोडल्याचा दिवस आणि घटकांच्या यादीचा फोटो ठेवा. यादी बदललेली दिसली की नवी नोंद, नवे तीन नमुने.